माळाला पडीक म्हणू नका

आफ्रिकेत जाऊन सिंह-हत्ती बघण्यात काहीही गैर नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल, हिला परवडत नाही म्हणून कोल्ह्याला द्राक्षं आंबट. परवडत नाही हे खरंच आहे, पण मुद्दा तो नाही.

माझी मावसबहीण दुबईत असते. मागच्या सुट्टीत ती आणि भावजी युगांडातल्या मर्चिसन फॉल्स नॅशनल पार्कला जाऊन आले. घरच्या ग्रुपवर चार दिवस नुसता पाऊस पडत होता व्हिडिओंचा. जिराफ, पाणघोडे, आणि मग तो धबधबा. नाईलसारखी अजस्र नदी तिथं जेमतेम सातेक मीटरच्या खडकाच्या फटीतून घुसते आणि सुमारे ४३ मीटर खाली कोसळते. व्हिडिओत आवाज फुटत होता, तरी अंगावर काटा आला. ताईचा मला हेवा वाटला, अगदी मनापासून.

मग ग्रुपवर मामांनी लिहिलं, "आपल्याकडं असलं काही नाही बघा." खाली सगळ्यांचे अंगठे पडले. हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. कारण मामा राहतात निर्ण्याला, आणि निर्ण्याच्या माणसानं हे म्हणावं याचं मला नवल वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निर्णा माझं आजोळ. कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात, आणि पुढं निघालात की कलबुर्गी जिल्ह्याचा चिंचोळी तालुका लागतो. आजी घरात मराठी बोलते, बाजारात कन्नड आणि भांडताना दखनी. जमीन लाल, जांभ्याच्या दगडाची. शेतात तूर, उडीद, ज्वारी, आता सोयाबीन. आणि शेतं जिथं संपतात तिथून माळ सुरू होतो. गवत, मधेच बोरी-बाभळी, एखादा हिवर, पळस, आणि मग पुन्हा गवत. पावसाळ्यानंतर त्या गवतातून चालून आलात की कुसळं काढायला अर्धा तास जातो. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतांची नावं मला कॉलेजात नाही, आजोळी कळली.

आता चिंचोळीकडं वळू या. तिथं १३४.८८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. २०११ मध्ये ते जाहीर झालं. पानगळीचं रान आहे, मधेमधे मोकळा माळ आहे, चंद्रमपल्लीचा तलाव आहे. रानात चंदन आहे, रक्तचंदन आहे. लांडगा, तरस, खोकड, काळवीट यांची नोंद आहे. आणि धबधबासुद्धा आहे. एत्तिपोता. नाव तेलुगू वळणाचं, 'उचलून ओतलेलं' अशा अर्थाचं. पाऊस चांगला झाला की तो काळ्या कातळावरून पांढराशुभ्र उतरतो, आणि उन्हाळ्यात तिथं नुसता दगड उरतो.

म्हणजे वन्यप्राणी आणि धबधबा, एकाच ठिकाणी, आजोळाच्या शेजारच्या तालुक्यात. "आपल्याकडं असलं काही नाही" हे वाक्य निदान नकाशावर तरी टिकत नाही.

इथं कुणीतरी हसेल. मर्चिसनचं उद्यान जवळजवळ ३,८४० चौरस किलोमीटरचं, चिंचोळी त्याच्या अठ्ठाविसाव्या हिश्श्याएवढं. नाईल कुठं आणि आमचे ओढे कुठं! एत्तिपोत्याला 'दक्षिणेतला नायगारा' वगैरे म्हणणारे रीलवाले मलाही आवडत नाहीत. हत्ती नाही, सिंह नाही, जिराफ तर नाहीच. हे सगळं कबूल. पण मी तुलना आकाराची करत नाहीये. मला म्हणायचंय ते वेगळंच आहे. ताईनं पैसे मोजून जी जमीन बघितली, तशीच जमीन मामांच्या शेताच्या बांधाला लागून आहे, आणि मामांच्या तोंडी तिचं नाव 'पडीक' असं आहे.

व्हिडिओतून प्राणी काढून टाका आणि नुसती मागची जमीन बघा. उंच गवत, विखुरलेली काटेरी झाडं, मोकळं आभाळ. याला जगभर सव्हाना म्हणतात. आपण शाळेत सव्हाना म्हणजे आफ्रिका असं पाठ केलं, आणि दख्खनचा कोरडा माळ हा 'जंगल तोडल्यावर उरलेला भाग' असं गृहीत धरलं. पण ते तसं नाही असं सांगणारा पुरावा कुठून आला माहीत आहे? आपल्याच विषयातून, मराठी साहित्यातून.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी ओव्या, लोकगीतं, चरित्रं, कथा चाळल्या आणि त्यांत कोणत्या रानझाडांची नावं येतात ते टिपलं. २०२५ मध्ये 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. तेराव्या शतकापासूनच्या या मजकुरात वारंवार येतात ती झाडं घनदाट जंगलातली नाहीत, मोकळ्या गवताळ माळावरची आहेत. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा कोरडा पट्टा निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहे. कुणी जंगल तोडून तो केलेला नाही. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेची आठवण म्हणून जे झाड पुजतात ते तरटीचं आहे, आणि तरटी हे माळावरचं काटेरी झाड. आपण 'संत कान्होपात्रा' या प्रश्नाला पाच मार्कांचं उत्तर लिहितो, त्या झाडाकडं कुणी बघत नाही. निर्णा त्या अभ्यासाच्या हद्दीबाहेर आहे, पण पठार तेच, गवत तेच, काटेही तेच.

आणखी एक गोष्ट. 'चीता' हा शब्द इंग्रजीत आफ्रिकेतून गेलेला नाही, आपल्याकडून गेला आहे. मूळ संस्कृत 'चित्रक', ठिपक्यांचा. चित्ता इथलाच होता, काळविटामागं धावणारा, माळावरचा. तो कमी होत गेला तेव्हा कोल्हापूर संस्थानानं शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ ला, नामिबियातून ८ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी १२. विमानानं आणले, टीव्हीवर दाखवले. आफ्रिकेचा चित्ता आणायला आपल्याकडं पैसे असतात, पण त्याला जगवणाऱ्या माळाला आपण माळ म्हणायला तयार नसतो.

'पडीक' हा शब्द साधा वाटतो. पडून आहे ती पडीक. पण शब्द सरकारी कागदावर चढला की त्याचे हात लांब होतात. आमचा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होता. तिथल्या महसुली भाषेत अशा जमिनीला 'बंजर' म्हणत, 'खारिज खाता' म्हणत. इंग्रजांच्या मुलखात 'वेस्ट लँड' म्हणत. स्वतंत्र भारतानंही वेस्टलँड ॲटलास काढला आणि त्यात खुरटी झुडपं आणि गवत असलेला केवढा तरी माळ 'वाया गेलेली जमीन' म्हणून रंगवला. कारण हिशेब सोपा होता. जिच्यातून सारा येत नाही आणि लाकूडही येत नाही, ती जमीन वाया.

एकदा वाया ठरली की तिचं काहीही करता येतं. प्लॉट पाडता येतात, खडी काढता येते, सोलारच्या पाट्या टाकता येतात. आणि सगळ्यांत भोळं काम म्हणजे खड्डे खणून झाडं लावता येतात. इथं मला आपल्याच लोकांची नाराजी ओढवून घ्यावी लागणार आहे. दर पावसाळ्यात आपण कॉलेजातले लोक बसमधून एखाद्या माळावर जातो, रोपं लावतो, फोटो काढतो. भावना चांगली असते. पण गवताच्या माळावर दाट झाडी लावणं म्हणजे तळं बुजवून तिथं बाग करण्यासारखं आहे. सावली वाढली की गवत मरतं, गवत गेलं की ससा, चंडोल, पखुर्डी, काळवीट सगळे जातात. झाडं लावायची तर रस्त्याकडेला लावा, शाळेत लावा, उजाड झालेल्या जुन्या रानात लावा. माळावर लावू नका. 'लाउदातो सी' या २०१५ च्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीला सगळ्यांचं घर म्हटलं. दुसऱ्याच्या घरात शिरून आपल्या आवडीचं फर्निचर मांडणं ही सेवा नव्हे, एवढाच अर्थ मी त्यातून घेते.

आकडे बघितले की गांभीर्य कळतं. २०२२ च्या गणनेत भारतात ३,६८२ वाघ होते. लांडगे सुमारे तीन हजार असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे लांडगा वाघापेक्षा दुर्मिळ! कायद्यानं दोघांनाही सारखंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. पण वाघाला राखीव जंगल आहे, आणि लांडगा बहुतेक करून राहतो त्या जमिनीत जिला आपण पडीक म्हणतो. त्याचं घर कागदावर नाहीच, मग ते गेलं तरी गेल्याची नोंद कुठं होणार?

पाण्याचंही तसंच आहे. आमच्या भागातला जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या काळ्या कातळावर अडतं आणि पठाराच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडतं. बिदरजवळच्या नौबादची जुनी भुयारी पाण्याची वाट, लोक जिला सुरंग बावी म्हणतात, ती याच गुणावर आधारलेली आहे. वरचा माळ खरवडला, खडीसाठी फोडला, तर खालचे झरे किती दिवस टिकणार? धबधब्याचे फोटो काढणाऱ्यांनी एकदा मान वर करून बघावं, पाणी येतं कुठून ते.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, ठीक आहे, मग चिंचोळीची मर्चिसन करू या. कुंपण घाला, जिप्सी आणा, तिकीट लावा, आतल्या लोकांना बाहेर काढा. माझं इथंच अडतं, आणि लेखातला खरा अवघड भाग हाच आहे.

ताईच्या व्हिडिओंत मला एक गोष्ट खटकली. चार दिवसांत शेकडो जनावरं दिसली, पण गाडीचा ड्रायव्हर सोडला तर एकही युगांडाचा माणूस दिसला नाही. आफ्रिका म्हणजे माणसांविना रान, असंच आपल्याला आवडतं. पण ते रान आपोआप रिकामं झालेलं नाही. १९०७ ते १९१२ या काळात त्सेत्से माशीमुळं पसरणाऱ्या निद्रारोगाची साथ आली म्हणून इंग्रज सरकारनं त्या भागातली हजारो चौरस किलोमीटर जमीन माणसांपासून मोकळी केली. पुढं त्याच भागात शिकारीचं राखीव रान झालं, आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय उद्यान. टांझानियात सेरेंगेटीतून १९५९ मध्ये मसाई गुराख्यांना हलवलं. ज्यांच्या गुरांनी ते गवत पिढ्यान्‌पिढ्या चारलं होतं तेच उपरे ठरले. आणि ज्या मर्चिसनमधून माणसं गेली, तिथंच आता तेलाच्या विहिरी खणल्या जातायत. माणसं नकोत, कंपनी चालते.

हे तिकडंच घडतं असं नाही. कुनोत आधी सिंह आणायचे म्हणून २४ गावं उठवली. सिंह आलेच नाहीत. चिंचोळीच्या रानात आणि भोवती लंबाणी तांडे आहेत. कुरुब आणि धनगर मेंढरं घेऊन या माळांवरून पिढ्यान्‌पिढ्या फिरतात. सुगी झाली की शेतकरी आपल्या रानात त्यांची मेंढरं बसवून घेतात, खत मिळतं म्हणून. या सगळ्यांना काढून टाकलं तर माळ वाचेल का? मला वाटतं, नाही. चराई बंद झालेला माळ काही वर्षांत काट्याकुट्यांनी भरून जाऊ शकतो. माळ हा जनावरांच्या खुरांनी आणि माणसांच्या वहिवाटीनं टिकलेला आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. तिच्यातून मेंढरं आणि धनगर वजा करा, काय उरतं?

सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवायला हवं. माळढोकासाठी १९७९ मध्ये तिथं जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते, सगळं आलं. स्वतःच्या जमिनीचे व्यवहार अडले म्हणून लोक वैतागले, पक्ष्याचा राग करू लागले. शेवटी क्षेत्र कमी करून बाराशेच्या आसपास आणावं लागलं, आणि माळढोक तर जवळजवळ नाहीसाच झाला. नकाशावर मोठं वर्तुळ काढलं म्हणजे पक्षी वाचत नाही. वर्तुळातल्या माणसाला तो पक्षी आपला वाटला पाहिजे.

आणि आमच्याकडच्या माणसाला तो का आपला वाटत नाही, हेही ऐकून घेतलं पाहिजे. काळविटांचा कळप रात्रीतून कोवळी तूर खाऊन जातो तेव्हा शेतकऱ्याला त्यात सौंदर्य दिसत नाही. मेंढपाळाचं कोकरू लांडग्यानं नेलं तर नुकसानभरपाईचा अर्ज कोण भरणार, पंचनाम्याला कोण येणार, तोवर तो शंभर किलोमीटर पुढं गेलेला असतो. शहरात बसून 'प्राणी वाचवा' म्हणणं फुकट आहे. किंमत दुसरा मोजतो.

धर्मशिक्षणाच्या तासाला ऐकलेली एक गोष्ट मला इथं आठवते. आपल्याकडं लांडग्याची प्रतिमा वाईटच, मत्तयाच्या शुभवर्तमानातही खोटे संदेष्टे म्हणजे मेंढराच्या वेशातले लांडगे. पण संत फ्रान्सिस असिसीकरांची गुब्बियो गावातली कथा वेगळी आहे. लांडगा माणसं खात होता, गाव घाबरलं होतं. संतांनी लांडग्याला मारलं नाही आणि गावालाही हलवलं नाही. करार केला. गावानं रोज त्याला खायला द्यायचं, त्यानं कुणाला इजा करायची नाही. लहानपणी ती चमत्काराची गोष्ट वाटायची. आज मला ती चक्क धोरण वाटते. लांडगा उपाशी आहे हे त्यांनी मान्य केलं, गाव भ्यालेलं आहे हेही मान्य केलं, आणि खर्च एकट्यादुकट्यावर न टाकता सगळ्या गावावर वाटला. वेळेवर आणि विनासायास मिळणारी नुकसानभरपाई म्हणजे दुसरं काय?

तसं काही जमू शकतं याची सुरुवात दिसतेही आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला महाराष्ट्र वनविभागानं गवताळ माळांची सफारी सुरू केली. लांडगा, तरस, चिंकारा दाखवायला तिथली स्थानिक मुलं गाईड म्हणून असतात. ती काही परिपूर्ण व्यवस्था नसेल, पण एक गोष्ट ती नक्की करते. काल ज्याला पडीक म्हणत होते ते बघायला बाहेरून लोक येतायत, हे गावातल्या पोराला दिसतं. चिंचोळीत लंबाणी आणि कुरुब मुलं अशी वाट दाखवू शकली, चराईचा हक्क शाबूत राहिला, तर तिकिटाला अर्थ आहे. नाहीतर धबधब्यापाशी वेफर्सची पाकिटं आणि बाटल्यांचा खच तेवढा वाढेल, आणि निसरड्या दगडावर सेल्फी काढताना पाय घसरलेल्यांच्या बातम्या.

मग आपण साहित्य मंडळवाले काय करू शकतो? आपल्या हातात जंगल नाही, अधिकार नाही. पण शब्द आहेत, आणि सुरुवात शब्दापासूनच झाली होती. माळ, माळरान, गायरान, कुरण, बरड, रान, पड. मराठीत या जमिनीसाठी इतके शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. गायरान म्हणजे गावाच्या गुरांची जमीन, त्यात हक्क आहे. कुरण म्हणजे राखलेलं गवत, त्यात निगा आहे. 'पड' सुद्धा मुळात विश्रांती दिलेली जमीन. या सगळ्यांवर एकच शिक्का मारणारा 'पडीक' हा शब्द आपण का वापरायचा? मारुती चितमपल्ली आयुष्यभर रानात राहून तिथल्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करत राहिले. २०२५ मध्ये ते गेले. ते काम संपलेलं नाही.

माझी सूचना अशी. या वर्षी मंडळाच्या प्रत्येक सभासदानं आपल्या गावच्या माळाची एक वही करावी. तिथल्या गवतांची, झाडांची, पाखरांची, दगडांची नावं, मराठीत, कन्नडात, लंबाणीत, दखनीत, जी मिळतील ती. आजी-आजोबांना विचारा, मेंढपाळाला विचारा, आणि त्यानं सांगितलं तर त्याचं नावही त्याच्या परवानगीनं लिहा. या वह्यांचा एक अंक काढू. दुसरं, पुढच्या पावसाळ्यात रोपं लावायला जाण्याआधी ती जागा कधी जंगल होती की माळ, हे विचारून घेऊ. तिसरं, सहल काढायचीच तर चिंचोळीला काढू, चार तास चालू, आणि काहीच दिसलं नाही तरी नाराज व्हायचं नाही असं ठरवून जाऊ. माळ जिप्सीतून दिसत नाही. तो वाकून बघावा लागतो.

ताईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या वेळी निर्ण्याला आले की मला तो धबधबा दाखव. मी तिला ऑक्टोबरच्या आत ये म्हटलंय. पाणी तोवरच असतं. मामांना मात्र अजून सांगायचंय, त्यांच्या बांधापलीकडं जे आहे त्याला काय म्हणतात ते. माळ म्हणतात, मामा. नुसतं माळ म्हणा, बाकीचं पुढं बघू.